नवे टायर मागेच बसतील

मामांनी माझ्या तोंडाकडे आधी बघितलं, असं कधी झालं नाही. माझी गाडी दुकानासमोर थांबली की ते खुर्चीतून उठायचे, गाडीला वळसा घालून मागे जायचे, कमरेत वाकून मागच्या दोन्ही टायरांवरून अंगठा फिरवायचे, आणि मग सरळ होऊन म्हणायचे, "बरं हाय. या सर." त्यातलं 'बरं हाय' हे टायरांना असायचं. मला नुसतं 'या'.

परभणीहून जिंतूरकडे निघालं की गाव संपता संपता त्यांचं टायरचं दुकान होतं. मी झरीच्या शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे जाता-येता दिवसातून दोनदा ते लागायचंच. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही म्हणायचो. त्यांचं नाव मला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही. मी त्या माणसाचं एक मोठं नुकसान केलं आहे. निदान नाव तरी माझ्या हातून सुटावं.

त्यांची उभी हयात बसच्या डेपोत टायर चढवण्या-उतरवण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे दुकान टाकलं आणि दुकानावर टायर कंपनीच्या पाटीपेक्षा मोठी पाटी स्वतःच्या हाताने, पिवळ्या रंगात रंगवली: 'नवे टायर मागेच बसतील. वाद घालू नये.' यातलं पहिलं वाक्य शंभर टक्के खरं होतं. दुसरं अजिबात नाही. वादाशिवाय त्यांचा चहा गोड लागत नसे.

वाद कशाचा, ते सांगतो. आपल्या छोट्या गाड्यांचे पुढचे टायर लवकर झिजतात. पुढचे दोन झिजून पार गोटा, म्हणजे गुळगुळीत, होतात तेव्हा मागचे दोन अर्धेच झिजलेले असतात. माणूस दोन नवे घ्यायला येतो आणि साहजिकच म्हणतो, गोटा काढा आणि तिथे नवे घाला. मामांच्या दुकानात असं होत नसे. त्यांच्या लेखी टायर तीन प्रकारचे: नवा, संसारी आणि गोटा. गोटा बाहेर, मागचे संसारी पुढे, आणि नवे मागे. गाडी कुणाचीही असो.

"मामा, स्टेअरिंग पुढं हाय, ब्रेक पुढं लागतंय, इंजिन पुढं हाय. अन् नवे मागं?"

"म्हणूनच मागं."

"मागून बघतंय कोण?"

"तुला बघायला घेतले का चालवायला? हे बग. पुढचं चाक घसरतं तवा सांगून घसरतं. हातात कळतं, स्टेअरिंग हलकं होतंय. पाय काढला की गाडी परत वळणीवर येती. मागचं चाक काय सांगत न्हाई. ते जातं तवा गाडी उलटी फिरल्यावर कळतंय."

"बशीला तर पुढंच नवे घालतेत की. तुमीच घातले असताल डेपोत."

हा प्रश्न सगळेच विचारत आणि मामा त्याचीच वाट बघत असत. "बशीला मागं एकेका अंगाला दोन-दोन चाकं असतेत. तुझ्या गाडीला हायत का? न्हाईत ना? मंग तू आदी बस हो, अन् मंग ये. पुढं बसवतो."

एवढ्यानेही पटलं नाही तर ते आतून फळी आणायचे. फळीवर साबणाचं पाणी ओतायचे, एक टोक टायरच्या ढिगावर टेकवायचे आणि खिशातून खेळण्यातली लाल मोटार काढायचे. आधी तिची पुढची चाकं रबराने बांधून सोडायचे. मोटार नाकासमोर सरळ खाली यायची. मग मागची चाकं बांधायचे. मोटार अर्ध्या फळीवर गर्रकन फिरायची आणि शेपटी पुढे करून खाली यायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "परत दाखवा मामा." मामा परत दाखवायचे. गिऱ्हाईक चार-पाच वेळा बघून, खूश होऊन म्हणायचं, "लय भारी. बरं, बसवा आता पुढंच." मामा मोटार खिशात घालून त्याला दुसऱ्या दुकानाचा रस्ता दाखवायचे. असं किती धंदा त्यांनी घालवला असेल, ते तेच जाणोत.

मी तो प्रयोग आठवीच्या वर्गात घर्षणाच्या धड्याला करून दाखवू लागलो. म्हणजे मला कळत नव्हतं असं नाही. मला सगळं कळत होतं. माझ्या बाबतीत अडचण नेहमी तीच असते.

दुकानाबाहेरही त्यांची नजर जमिनीपासून वीतभर उंचीवरच असायची. ते माणसांच्या चपला बघायचे. "सर, तुमची उजवी टाच भाईरून झिजायलीय. पिशवी डाव्या हातात घेत जावा." मी घेऊ लागलो आणि माझी कंबरदुखी थांबली, हेही कबूल करतो. ताडकळसला एका लग्नात आम्ही दोघे होतो. अक्षता पडल्या, पंगती उठल्या आणि वरात निघायच्या वेळी नवरदेवाची गाडी जॅकवर चढलेली दिसली. पुढचे नवे कोरे टायर फुलांच्या माळांत झाकलेले, मागचे पार गोटा. मामांनी ड्रायव्हरला बाजूला सारून पाना हातात घेतला होता. नवरदेव बाशिंगासकट आत बसून काचेतून खाली बघत होता. नवरीचा बाप धावत आला, "अहो मामा, काय करायलाव? मुहूर्त…"

"मुहूर्त लागून गेला. आता तुमच्या पोरीला नीट जाऊ द्या. नवरदेव, उतरा, वजन व्हायलंय."

नवरदेव उतरला. नवरीसुद्धा उतरली. चारी चाकांची अदलाबदल होईपर्यंत दोघं शेजारी शेजारी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून राहिले. लग्न ठरल्यापासून पहिल्यांदाच त्यांना एकमेकांशी निवांत बोलायला मिळालं, असं नंतर ती मुलगी सांगायची.

मामांची एक जाड वही होती. जिल्ह्यात कुठे गाडी घसरली असं कानावर आलं की ते मोटरसायकलवर जाऊन यायचे. कुणाची चूक, कुणाला लागलं, हे दुसरे लोक विचारत. मामा एवढंच विचारत: पुढचं गेलं का मागचं? नवे कुठं होते? ते वहीत उतरवत. नवे मागे असताना गाडीचं मागचं गेलं, अशी एकही नोंद त्या वहीत नव्हती. ही वही त्यांचं सगळं काही होती. ती वही मी खराब केली.

माझ्या गाडीला दोन नवे टायर घेतले, तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणे ते मागे बसवले आणि म्हणाले, "हात ठेवा." हीसुद्धा त्यांची रीत. प्रत्येक गिऱ्हाइकाला नव्या टायरवर हात ठेवून शपथ घ्यायला लावायचे, की मी हे मागचे पुढे करणार नाही. शेतकऱ्याला बैलाची शपथ, दुकानदाराला तराजूची. उन्हात टायर तापलेला असायचा, लोक घाईने उरकायचे, मग मामा दटावायचे, "गरम हाय म्हणून शपथ पातळ करू नका." मला त्यांनी विद्येची शपथ घातली. मी तापलेल्या टायरवर पंजा ठेवून विद्येची शपथ घेतली.

ती आठ दिवस टिकली.

माझ्या मेव्हण्याच्या मुलीसाठी राणीसावरगावला स्थळ बघायला जायचं होतं. मेव्हणा शनिवारी सकाळी आला, गाडीभोवती फिरला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "दाजी, हे काय? नवे मागं? आपण अंगणात जाणार, गाडी तोंडानं उभी राहणार. सोयऱ्याला पहिलं काय दिसंल? हे झिजलेलं."

"मामांनी सांगितलंय…"

"मामाला पोरगी द्यायची का आपल्याला?"

मी मामांचा मुद्दा त्याला समजावला. फळी आणि मोटारीसकट समजावला. तो म्हणाला, "पटलं. फक्त उद्याच्या दिवस." आणि त्याने स्वतःच जॅक लावला. मी पाना दिला. बायको दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "छान. आता गाडीला पावडर पण लावा दोघं मिळून."

रविवारी आम्ही तिघे, मी, बायको आणि मेव्हणा, राणीसावरगावला गेलो. पोहे झाले, बोलणं झालं. परतताना एका वळणावर ट्रॅक्टरांनी शेतातली काळी माती रस्त्यावर आणली होती आणि कुठल्यातरी टँकरने सांडलेल्या पाण्यात ती भिजली होती. मी सावकाशच होतो. स्टेअरिंग वळवलं, पुढची नवी चाकं शहाण्यासारखी वळली. मागची वळली नाहीत. ती आम्हाला ओलांडून पुढे निघाली. झाडं, आकाश, ट्रॅक्टर, परत झाडं, असं एकदा सगळं दिसलं आणि गाडी तुरीच्या शेतात शिरून उभी राहिली. तोंड आलो त्याच दिशेला.

मेव्हण्याच्या मांडीवर सोयऱ्यांनी दिलेला पेढ्यांचा पुडा तसाच होता. तो म्हणाला, "दाजी, आपण परत राणीसावरगावला निघालो का?"

हसू आलं नाही, कारण बायकोने डावं मनगट धरलं होतं. हाड मोडलं होतं. दीड महिना प्लास्टर.

सोमवारी सकाळी मी आणि मेव्हण्याने टायर परत होते तसे केले. नवे मागे. का केलं, याचं कारण आम्ही एकमेकांना सांगितलं नाही. मडगार्ड चेपलेली गाडी अंगणात उभी होती. दुपारी मामा आले. त्यांनी बायकोच्या हाताची चौकशी केली, ती त्यांच्या मानाने बरीच लांबली, आणि मग विचारलं, "सर, पुढचं गेलं का मागचं?"

"मागचं."

मामांचा चेहरा पडला. "मागचं? नवे मागंच होते ना?"

मी मेव्हण्याकडे बघितलं. मेव्हणा म्हणाला, "मागंच की मामा. तुमी बसवलेले, तसेच."

मामांनी माझ्याकडे वळून विचारलं, "सर?"

मी म्हणालो, "हो."

बायको एका हाताने चहा घेऊन आली होती. तिने कप ठेवला आणि माझ्याकडे न बघता आत गेली. त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी फक्त भाजी आणि शाळेचा डबा या विषयांवर बोलली.

मामा पुढच्या रविवारी पुन्हा आले. बगलेत फळी, हातात वही. "सर, तुमी विज्ञानाचे हायत. माझं कुठं चुकतंय तेवढं सांगा." आणि आमच्या अंगणात साबणाचं पाणी ओतून त्यांनी लाल मोटार सोडली. वीस वेळा तरी सोडली असेल. मोटार प्रत्येक वेळी तेच करत होती. मामा उकिडवे बसून माझ्या तोंडाकडे असे बघत होते, जसे माझे विद्यार्थी तोंडी परीक्षेला बघतात. खरं सांगायला ती वेळ चांगली होती. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "मामा, काळी माती चिकट असते ना. ती नव्या टायरच्या नक्षीत भरते. मग नवा काय आणि गोटा काय."

ते त्यांनी वहीत लिहून घेतलं. माझ्याकडून शब्द विचारून घेतला आणि लिहिलं: 'काळी माती – अपवाद.' मग पेन थांबवून हळू आवाजात म्हणाले, "पण सर, आपल्या जिल्ह्यात सगळी काळीच माती हाय की."

चार दिवसांनी शाळेत जाताना बघितलं तर पाटीवर पांढरा रंग फासलेला होता.

मामांची फळी आतच राहू लागली. शपथ बंद झाली. गिऱ्हाईक आलं की ते विचारायचे, "कुठं बसवू? तुमी सांगताल तिथं." धंदा वाढला, लोक म्हणू लागले मामा सुधारले. माझी गाडी आली की ते उठत नसत, खुर्चीतूनच म्हणायचे, "या सर." मागच्या चाकांकडे ते बघत नसत. असे तीन महिने गेले. मी रोज दोनदा तिथून जात होतो आणि रोज दोनदा ठरवत होतो, की उद्या सांगू.

एक दिवस हवा भरायला थांबलो होतो. झरीच्या दवाखान्यातल्या नर्सबाई दोन नवे टायर घ्यायला आल्या होत्या. मागच्या सीटवर त्यांची दोन लहान पोरं एकमेकांना चिमटे काढत होती. मामांनी विचारलं, "कुठं बसवू बाई?"

त्या म्हणाल्या, "मला त्यातलं काय कळतं मामा? तुमीच सांगा. तुमी म्हणताल तिथं."

एवढ्या वर्षांत असं म्हणणारं हे पहिलं गिऱ्हाईक असेल. जन्मभर ज्या प्रश्नाची वाट बघितली तो प्रश्न समोर उभा होता आणि मामा हातातल्या फडक्याने कोरडेच हात पुसत राहिले. मग म्हणाले, "आदी विचारलं असतं तर सांगितलं असतं. आता काळ्या मातीत काय नेम न्हाई. हे सर हायत विज्ञानाचे. यांच्यावर बेतलंय. यांना विचारा."

नर्सबाईंनी माझ्याकडे बघितलं. मागच्या सीटवरच्या पोरांनीही बघितलं.

"मागे," मी म्हणालो. "मामा, नवे मागे लावा."

"काहून? तुमचे मागंच होते की."

"नव्हते."

नेमका त्याच क्षणी हवेचा कंप्रेसर बंद पडला, त्यामुळे ते रस्त्यापलीकडच्या चहावाल्यालाही ऐकू गेलं. मामांनी फडकं खांद्यावर टाकलं. आता ते टायरांकडे न बघता थेट माझ्या तोंडाकडे बघत होते.

"कोणी केले पुढं?"

"मेव्हण्यानं. म्हणजे मीच. पाना मी दिला."

"काहून?"

"अंगणात गाडी तोंडाने उभी राहते म्हणून. सोयऱ्यांना नवे दिसावेत म्हणून."

मामांनी वाकून पाना उचलला. मग त्यांनी विचारलं, "सोयरीक झाली का?"

"नाही. नकार आला."

"येणारच. निघताना सोयरे भाईर येऊन उभे राहतेत. त्यायला गाडी मागूनच दिसती." एवढं बोलून ते नर्सबाईंच्या गाडीकडे वळले आणि त्यांनी नवे मागे लावले. एकेक नट असा आवळला की मला माझी मान आठवत होती. शेवटी बाईंना म्हणाले, "हात ठेवा." बाईंनी हात ठेवला, पोरांनीही उतरून ठेवले.

मग मामा आतून वही घेऊन आले आणि माझ्या गाडीत, माझ्या शेजारी बसले. "तीन महिने," ते म्हणाले. "तीन महिने मी लोकायला इचारून बसवायलोय. सगळे लिहिलेले हायत. रविवारी जॅक घेऊन या."

पुढचे कितीतरी रविवार आम्ही दोघे गावोगाव हिंडलो. वहीत बघून मामा घर सांगायचे, दारात हाक मारायचे, आणि घरमालक बाहेर आला की मला पुढे करायचे. "सर, सांगा." मी सांगायचो. शपथ, राणीसावरगाव, तुरीचं शेत, 'हो' म्हणालो ते. मामा एकही तपशील गाळू देत नसत. पेढे विसरलो तर आठवण करायचे. माझं झालं की ते जॅक लावायचे. कुणी कटकट केली, की टायरला पूजेचा हार घातलाय, आता कसा काढायचा, तर मामा म्हणायचे, "हारासकट मागं नेतो."

ताडकळसला एका म्हातारीने सगळं ऐकून घेतलं आणि मला वरपासून खालपर्यंत बघत विचारलं, "मास्तर असून?"

"हो आजी."

"कशाचे मास्तर?"

मी काही बोलायच्या आत मामा म्हणाले, "विज्ञानाचे." ते त्यांनी इतक्या कौतुकाने सांगितलं, की म्हातारीला वाटलं असावं मला पुरस्कार मिळालाय. तिने चहा केला.

यादीतली शेवटची गाडी झाली त्या दिवशी मी घरी येऊन बायकोला तेवढंच सांगितलं. तिने ताटात भाकरी वाढली, आणि थोड्या वेळाने, न मागता, लोणचं. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना बघितलं, मामा शिडीवर चढून पांढऱ्यावर पुन्हा पिवळी अक्षरं काढत होते.

मामा मागच्या वर्षी गेले. दुकान आता त्यांच्या लेकीने दुसऱ्याला चालवायला दिलं आहे. पाटी पावसापाण्याने उडाली. दिवस झाल्यावर लेकीने मला बोलावून ती जाड वही दिली, "बाबा म्हणाले होते सरांना द्या." मी घरी येऊन आधी ते पान काढलं. 'काळी माती – अपवाद' यातल्या 'काळी माती'वर आडवी रेघ होती. 'अपवाद'ला त्यांनी हात लावला नव्हता. काळ्या मातीच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'मास्तर'.

मागच्या महिन्यात माझ्या गाडीचे पुढचे दोन टायर गोटा झाले. त्याच दुकानात गेलो. नव्या दुकानदाराने दोन नवे आणून भर उन्हात गाडीशेजारी टेकवले, पाना घेतला आणि न विचारताच पुढच्या चाकाशी बसला. "थांबा," मी म्हणालो. समजावायला फळी नव्हती, मोटार नव्हती. मी वाकलो आणि नव्या टायरवर पंजा ठेवला.

तो माझ्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "गरम हाय का सर?"

"हो," मी म्हणालो. "मागे लावा."